सालईची टेकडी नकाशात पिवळी का? वनाधिकाऱ्यांना आणि नकाशे करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
वन विभागाच्या वन्यजीव शाखेतील अधिकारी, संरक्षित क्षेत्रांचे व्यवस्थापन आराखडे लिहिणारे आणि जंगलांचे नकाशे करणारे सर्वजण,
नागपूर.

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरची. वनस्पतिशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं जंगलाचे नकाशे जागेवर जाऊन तपासण्याचं, ज्याला आपण सगळे ग्राउंड ट्रुथिंग म्हणतो, ते काम रोजंदारीवर केलं. त्या कामातली एक टेकडी अजून मनातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले. टेकडी नागपूरहून दीड-दोन तासांवरच्या एका संरक्षित जंगलात आहे. जंगलाचं, कंपनीचं, कुणाचंच नाव इथे घेत नाही. त्या चुकीत मीही होते, ते पुढे सांगतेच.

सात वर्षांपूर्वीचा मार्चचा पहिला आठवडा. उपग्रहाच्या प्रतिमेवरून वनस्पतींचा नकाशा आधीच रंगवून झाला होता. आम्ही जीपीएस घेऊन ठरवून दिलेल्या बिंदूंवर जायचं, कागदावर जे लिहिलंय तेच जमिनीवर आहे का ते बघायचं, आणि टिक करायची. माझ्या हातातल्या प्रिंटवर ती टेकडी फिकट पिवळी होती. खालच्या सूचीत पिवळ्या चौकोनापुढे लिहिलं होतं : विरळ झुडपी, ऱ्हास झालेलं वन.

सोबत वनमजूर काकाजी होते. साठीच्या घरातले, आयुष्य त्याच परिक्षेत्रात गेलेलं. त्यांनी विचारलं, "मॅडम, हे पिवळं म्हंजे काय जी?" मी वाचून दाखवलं. त्यावर ते काहीच बोलले नाहीत. समोरच्या झाडापाशी गेले, कागदासारखा सुटलेला राखाडी पापुद्रा ओढून काढला आणि आतल्या हिरवट सालीवर नखानं ओरखडा मारला. थोड्या वेळानं तिथे चिकाचा थेंब जमला. तो त्यांनी माझ्या तळहातावर पुसला. घरात धूप घातल्यावर येतो तसा वास. मग म्हणाले, "सालई हाये हे. पानं झडले म्हनून का हे जंगल नाही राह्यलं जी?"

मी वर पाहिलं. एकही पान नव्हतं, पण फांद्यांच्या टोकांना बारीक पांढरट फुलं होती आणि त्यांवर मधमाश्यांचा इतका आवाज होता की काकाजींना मोठ्यानं बोलावं लागत होतं. आम्ही दोरी टाकून वीस बाय वीस मीटरचा चौकोन आखला. छातीएवढ्या उंचीवर साठ सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर असलेल्या सतरा सालई भरल्या. दोन कुलू, त्यांची खोडं उन्हात पांढरीशुभ्र. एक मोवई. खाली कुसळी गवत, ज्याची कुसळं संध्याकाळी घरी येऊन सलवारीतून एकेक करून काढली.

मी फॉर्मवर वर्ग खोडून नवा लिहिला : सालईचं वन. अंतिम नकाशात ती टेकडी पिवळीच राहिली. बिंदूंची संख्या भरली होती, मुदत जवळ आली होती, आणि एका बिंदूसाठी अख्खा पॉलिगॉन, म्हणजे नकाशातला एका रंगाचा तुकडा, पुन्हा रंगवायला कुणाला सवड नव्हती. पुढे त्याच नकाशावरून अधिवास विकासाच्या कामांच्या जागा ठरल्या. दोन वर्षांनी मी तिथे गेले तेव्हा उतारावर सलग समतल चर खणलेले होते. ४५ सेंटिमीटरचे खड्डे ओळीनं, त्यांत आवळ्याची आणि सिसूची रोपं. वीतभर मुरूम आणि खाली खडक, तिथे ती किती तगणार? बरीचशी वाळून गेलेलीच होती. चराच्या कडेला सालईची तुटलेली मुळं उघडी पडली होती आणि काही मोठी झाडं आडवी झालेली होती. सालईची नवी पिढी उभी राहणं आधीच अवघड असतं. रोपटी उगवतात, वणव्यात वरून जळतात, मुळापासून पुन्हा फुटतात, असं वर्षानुवर्षं चालतं. तिथे मोठं झाड गेलं, की ती जागा लवकर भरून येत नाही.

त्या खड्ड्यांवर काम करणाऱ्या मजुरांची यात काही चूक नव्हती. आराखड्यात जागा ‘ऱ्हास झालेली’ होती, म्हणून सुधारणा सुचवली गेली, निधी आला, काम झालं. सगळं नियमानं. चूक नकाशाच्या सूचीतल्या दोन शब्दांत होती.

म्हणून माझी मुख्य मागणी आधीच लिहिते. संरक्षित क्षेत्रात कुठल्याही जागेला ‘विरळ’, ‘पडीक’ किंवा ‘ऱ्हास झालेली’ असं लेबल देण्याआधी, आणि त्या लेबलावरून एकही खड्डा खणण्याआधी, कुणीतरी त्या जागेवर उभं राहून तिथल्या झाडा-गवतांची नावं लिहिलेली असावीत. बाकी सगळं याच्या मागून येतं.

आता माझी चूक. आम्हाला दिवसाला तीस बिंदूंचं लक्ष्य असायचं. जंगलात गाडीरस्ते कमी, ऊन वाढत जाणारं, आणि पैसे बिंदूंवर. मी काय केलं? रस्त्यापासून शंभर मीटरच्या आतले बिंदू घेतले. ओढ्यापलीकडचा, चढावरचा बिंदू असेल तर अलीकडूनच बघून ‘सागाचं मिश्र वन’ लिहून मोकळी झाले. असं मी एकटी करत नव्हते. रस्त्याच्या कडेचं जंगल हे आतल्या जंगलाचा नमुना नसतं. रस्ता सपाट जागेवरून काढलेला असतो, तिथे उजेड जास्त, तरोटा आणि रानतुळस जास्त, गुरांची वर्दळ जास्त. त्यावर कळस म्हणजे, ज्या बिंदूंवरून संगणकाला ‘साग असा दिसतो’ हे शिकवलं, त्यातलेच बिंदू पुढे नकाशा तपासायला वापरले गेले. अहवालात अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर आली. मी वर्गात मुलांना सोडवून दिलेलेच प्रश्न परीक्षेत विचारले, तर माझाही निकाल तसाच लागेल.

त्या टक्केवारीबद्दल आणखी एक गोष्ट आराखडा वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. समजा शंभर चौरस किलोमीटरच्या जंगलात गवताळ कुरणं जेमतेम तीन चौरस किलोमीटर आहेत. नकाशानं ती सगळीच्या सगळी चुकीची दाखवली तरी एकूण अचूकता सत्त्याण्णव टक्के येऊ शकते. आणि चितळ, सांबर, गवा यांच्या दृष्टीनं कदाचित ती तीनच चौरस किलोमीटर सगळ्यांत मोलाची असतात. म्हणून एक एकूण आकडा मागू नका. कोणता वर्ग कोणत्या वर्गात किती वेळा मिसळला, हे दाखवणारा पूर्ण तक्ता मागा. हा तक्ता प्रत्येक नकाशा करणाऱ्याकडे असतोच, फक्त तो परिशिष्टातही छापला जात नाही.

आपल्याकडच्या जंगलाचं चित्र कोणत्या महिन्यात काढलं, यावर सगळं किती अवलंबून आहे, ते मला इथे जरा सविस्तर लिहू द्या. आपलं रान पानझडीचं, आणि प्रत्येक झाड आपापल्या वेळेला पानं टाकतं.

नोव्हेंबरात वरून पाहिलं तर जवळपास सगळंच हिरवं असतं. भारतीय वन सर्वेक्षण वनाच्छादन मोजण्यासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या प्रतिमा घेतं ते याचसाठी, पानं असताना झाडांच्या माथ्यांचं छत्र मोजता यावं म्हणून. ते त्यांच्या कामासाठी योग्यच आहे. पण ‘झाडं किती दाट’ ऐवजी ‘झाडं कोणती’ असं विचारलं, तर हाच महिना सर्वांत कमी बोलतो, कारण साग, ऐन, धावडा, लेंडिया सगळे एकाच हिरव्यात बुडालेले असतात. त्यातही एक मेख आहे. ऑगस्टनंतर सागावर पानांची जाळी करणारी अळी पडते. ज्या वर्षी ती जोरात असते, त्या वर्षी ऑक्टोबरात सागाचे पट्टेच्या पट्टे भाजल्यासारखे तपकिरी दिसतात. हातात पान धरलं तर शिरांची नुसती जाळी उरलेली असते. झाड जिवंत असतं, पुढच्या पावसाला पुन्हा भरतं, पण उपग्रहाला ते आजारी किंवा विरळ वन वाटतं.

फेब्रुवारी संपता संपता चित्र बदलतं. सालई आणि मोवई उघडी पडलेली असतात, साग झडत असतो, धावड्याची पानं तांबूस होऊन गळायला लागलेली असतात. पळस निष्पर्ण होऊन केशरी झालेला असतो. ओढ्याकाठचा कहू, म्हणजे आपला अर्जुन, आणि जांभूळ मात्र हिरवेच असतात. याच दिवसांत सालईची टेकडी उघड्या जमिनीसारखी दिसते आणि याच दिवसांत ती बाकीच्या रानापासून सहज वेगळीही काढता येते, अट एवढीच की नोव्हेंबरची प्रतिमा शेजारी ठेवून पाहावी. नोव्हेंबरात हिरवं आणि फेब्रुवारीत उघडं, ते झुडपी कसं असेल? त्या टेकडीसाठी फक्त पानगळीच्या दिवसांतली एकच प्रतिमा वापरली होती.

एप्रिलअखेर तिसरं रूप. मार्चमध्ये लाल पालवी फुटलेला कुसुम आता हिरवा होऊन उभा असतो. मोहाची फुलं वेचून झालेली असतात आणि त्याला तांबूस नवी पानं येत असतात. साग पूर्ण उघडा असतो. वणवा लागून गेलेले काळे पट्टेही याच वेळी दिसतात आणि संगणक त्यांना कधी सावली समजतो, कधी पाणी. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो, तेव्हा कोणत्या कक्षात कधी आग लागली याची नोंद विभागाकडे असतेच. ती नकाशा करणाऱ्याच्या टेबलावर पोचत नाही, एवढंच.

तीन ऋतूंच्या तीन प्रतिमा वापरणं आता खर्चाचं काम उरलेलं नाही. सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह २०१५ पासून दहा मीटरच्या बारकाव्यानं प्रतिमा देतो, त्या फुकट मिळतात. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांचा साठा १९७२ पासूनचा आहे आणि तोही २००८ पासून सर्वांना मोकळा आहे. दहा मीटरच्या ठिपक्यांत मांडायचं तर २५७ चौरस किलोमीटरचं पेंच राष्ट्रीय उद्यान पंचवीस लाखांहून जास्त ठिपक्यांचं होतं. एवढी माहिती हाताशी असताना एका महिन्याच्या चित्रावर निकाल द्यायचं कारण नाही.

ओढ्याकाठच्या पट्ट्यांसाठी तर हा बारकावा फार महत्त्वाचा आहे. कहू-जांभळाचा पट्टा बऱ्याचदा वीस-पंचवीस मीटर रुंद असतो. लिस-थ्री या भारतीय उपग्रहांवरच्या कॅमेऱ्याच्या प्रतिमेचा एक ठिपका साडेतेवीस मीटरचा. म्हणजे तो अख्खा पट्टा एका ठिपक्यात, तोही शेजारच्या सागात मिसळून. देशपातळीवरच्या नकाशात एक हेक्टरहून लहान तुकडे सहसा दाखवलेच जात नाहीत, आणि देशासाठी ते ठीक आहे. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, जंगलातली बरीच जनावरं त्याच पट्ट्यात असतात. अभयारण्याच्या नकाशात तो पट्टा नसेल तर तो नकाशा मे महिन्यात कुणाच्या कामाचा?

आता वर्गांच्या नावांबद्दल. जवळपास प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या प्रकरणात चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांचं १९६८ चं वर्गीकरण येतं आणि नागपूरच्या आसपासची जंगलं ‘दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी’ या नावाखाली दोन-तीन ओळींत बसवली जातात. त्या वर्गीकरणाबद्दल मला आदर आहे. १९३६ मध्ये चॅम्पियन यांनी आणि पुढे सेठ यांच्यासह त्यांनी अख्ख्या देशाच्या जंगलांना एक भाषा दिली. पण ती देशाच्या आकाराची भाषा आहे. एका परिक्षेत्रात फिरणाऱ्या वनरक्षकाला तिच्यातून गराडीच्या झाडांचा पट्टा कुठे संपतो हे कळणार नाही.

आणि वनाच्छादनाचे घनतेचे वर्ग म्हणजे वनस्पतींचा नकाशा नव्हे, हे मी हात जोडून सांगते. अति घनदाट म्हणजे छत्र ७० टक्क्यांच्या वर, मध्यम घनदाट ४० ते ७०, खुलं वन १० ते ४०, त्याखाली झुडपी. यात झाडाचं नाव कुठेच येत नाही. वनाच्छादनाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठी, दहा टक्क्यांहून अधिक छत्राची कोणतीही जमीन बसते, फळबागसुद्धा. काटोलकडची जुनी संत्र्याची बाग आणि पेंचमधलं धावड्याचं रान त्या मोजणीत एकाच रंगाचे होऊ शकतात. तरीही मी असे आराखडे वाचले आहेत ज्यांत ‘वनस्पती नकाशा’ या मथळ्याखाली फक्त हे चार रंग आहेत.

आपल्या भागात झाडं नुसत्या पावसावर ठरत नाहीत, खालच्या दगडावरही ठरतात. नागपूर शहर नेमकं सीमेवर बसलं आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नाइस आणि त्याचे भाऊबंद खडक. बोर अभयारण्याचं रान आणि उमरेड-कऱ्हांडल्याचं रान एकमेकांपासून फार दूर नाहीत, पण पायाखालची माती वेगळी. ऐन भारी, चिकण मातीत रमतो. धावडा उताराच्या हलक्या जमिनीवर. पळसाचे दाट पट्टे दिसले, की मी आधी विचारते इथे कधी शेती होती का, आणि बऱ्याचदा उत्तर ‘हो’ असतं. आंबा, चिंच आणि मोहाची म्हातारी झाडं एकत्र दिसली तर तिथे गाव होतं, हे जाणत्या माणसाला सांगावं लागत नाही. ताडोब्यात नवेगाव आणि जामणी गावं उठली त्या जागी आज गवताळ कुरणं आहेत. ही जुनी गावठाणं आणि शेतं म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं ‘झाडं नसलेली जागा’, आणि झाडं नसलेली जागा दिसली की आपला हात खड्ड्याकडे जातो.

गवताला तर नकाशात वालीच नाही. ‘गवत’ एवढा एक वर्ग दिला तरी पुष्कळ झालं असं मानतात. पण मारवेल आणि पवन्या जनावरं आवडीनं खातात, कुसळी कोवळी असेतोवरच खातात, आणि तिखाडीला तिच्या उग्र वासामुळे सहसा तोंड लावत नाहीत. कुरण मारवेलचं आहे की तिखाडीचं यावर तिथे चितळ किती राहतील ते ठरतं, आणि चितळांवर वाघ. वाघांचा आकडा आपण एवढा जपून मोजतो, मग त्या गवताचं नाव लिहायला का कचरतो?

नाव लिहिल्यानं जमिनीचं काय होतं, हे विदर्भाला नव्यानं सांगायला नको. ‘झुडपी जंगल’ हा शब्द आपल्या सहा जिल्ह्यांच्या, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या, महसुली कागदांत पिढ्यान्‌पिढ्या बसून आहे. ती जमीन वन की वन नाही, यावर किती वर्षं वाद चालला. शेवटी २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं १९९६ च्या आपल्या आदेशाला धरून या जमिनी वनजमिनीच असल्याचं सांगितलं. सुमारे ८६ हजार हेक्टरचा प्रश्न होता, आणि तो एका नोंदीभोवती फिरत होता. जुन्या कारकुनानं सातबाऱ्यावर लिहिलेल्या शब्दाचं एवढं वजन असेल, तर आज आपण अभयारण्याच्या नकाशात जे शब्द लिहितो आहोत त्यांचंही पुढे तेवढंच वजन होणार आहे.

तुमच्याकडे कामाचा किती ताण आहे याची मला कल्पना आहे. वाघ शेतात येतो, बिबट्या वस्तीत शिरतो, रात्री-अपरात्री फोन येतात, पदं रिकामी आहेत. त्यात वनस्पतींचा नकाशा कोण आणि कधी करणार? पण निम्मं काम तुमच्या वनरक्षकांनी आधीच केलेलं आहे. २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत ते प्रत्येक नियतक्षेत्रात, म्हणजे एकेका वनरक्षकाच्या हद्दीत, ठरलेल्या रेषेवरून चालत जातात आणि दर ४०० मीटरवर थांबून झाडं, झुडपं, जमिनीवरचं आच्छादन नोंदवतात. रस्त्यापासून दूर, पायी, जीपीएससह. माझ्या त्या तीस बिंदूंपेक्षा या नोंदी कितीतरी प्रामाणिक आहेत. त्या वाघांच्या आणि तृणभक्षी प्राण्यांच्या हिशेबासाठी जातात आणि वनस्पतींच्या नकाशासाठी पुन्हा बाहेरून माणसं आणली जातात, माझ्यासारखी. या नोंदी आधी वापरा. ज्या वनरक्षकांना झाडाच्या नावाची शंका असेल त्यांच्यासाठी दोन दिवसांचं शिबिर घ्या, ओळख न पटलेल्या फांद्या वर्तमानपत्रात दाबून विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे पाठवा. माझ्या विद्यार्थिनींपैकी तिघी-चौघी आज वनरक्षक आहेत. त्यांना हे काम सांगितलं तर आनंदानं करतील, हे मी त्यांच्याशी बोलूनच लिहिते आहे.

झुडपांचा थर मात्र फक्त पायांनीच कळतो. वरचं छत्र दाट असेल तर खाली घाणेरी माजली आहे की मानवेल बांबू आहे की करवंदाची जाळी, हे कोणताही उपग्रह खात्रीनं सांगणार नाही. बांबूला तर सामूहिक फुलोरा आला की बेटंच्या बेटं दोन वर्षांत मरतात आणि कालचा नकाशा आज चुकीचा ठरतो. म्हणून प्रत्येक नकाशावर प्रतिमेची तारीख आणि जागेवर तपासल्याची तारीख, दोन्ही ठळक लिहायला हव्यात. सूचीत मराठी नावं हवीत, त्या त्या गावात चालणारी : सालईरान, कहूचा नाला, गराडीचा पट्टा, पवन्याचं कुरण. तो नकाशा मोठा छापून प्रत्येक संरक्षण कुटीच्या भिंतीवर लावावा आणि शेजारी पेन्सिल बांधून ठेवावी. गस्तीवरून आलेल्याला चूक दिसली तर त्यानं तिथेच गोल करावा. वर्षाअखेरीस ते गोल गोळा करून नकाशा दुरुस्त करायचा. काकाजींसारख्यांचं म्हणणं नकाशात जायला याहून सोपी वाट मला सुचलेली नाही.

आणि हे सगळं करायला नागपूरसारखं दुसरं गाव शोधूनही सापडणार नाही. वन विभागाचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात. राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात. देशभरच्या मातीचे नकाशे करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो अमरावती रोडवर. इस्रोचं मध्य विभागाचं प्रादेशिक केंद्रही इथेच. वाघ, उपग्रह आणि माती यांची माणसं एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर बसतात. एका अभयारण्यासाठी, हवं तर सगळ्यांत लहान अभयारण्यासाठी, ही माणसं एका टेबलाशी बसली आणि दोन वनरक्षक व एक वनमजूर त्यांच्यासोबत बसले, तरी मला पुरे आहे. पेंचचं नाव मोठं आहे म्हणून तिथूनच सुरुवात करा असा माझा हट्ट नाही.

दोन गोष्टी मात्र आजही, नवा नकाशा नसतानाही करता येतील. आत्ताच्या आराखड्यांत ‘ऱ्हास झालेलं’ म्हणून जेवढे तुकडे दाखवले आहेत, त्यांची यादी काढावी आणि तिथली लागवडीची व चराची कामं, जागा पाहून नावं लिहिली जाईपर्यंत थांबवावीत. आणि जे नकाशे तयार आहेत ते चुकांच्या तक्त्यासकट सर्वांना पाहायला मोकळे करावेत. वाघाची गुहा किंवा दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा झाकून ठेवायला माझी काहीच हरकत नाही. सालई, ऐन आणि गवत कुठे आहे हे झाकण्यासारखं काही नाही.

काकाजी आता निवृत्त झालेत. मागच्या दिवाळीत फोनवर बोलणं झालं. त्या टेकडीच्या वरच्या अंगाला, जिथे चर पोचले नाहीत, तिथे सालई अजून उभ्या आहेत, असं ते म्हणाले. येत्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्या फुलावर असतील. तुमच्यापैकी जे कुणी येतील त्यांच्यासोबत मी सकाळी सहाला नागपूरहून निघायला तयार आहे. दोरी, टेप आणि नोंदवही मी आणीन. काकाजींनाही विचारून ठेवलं आहे, ते पायथ्याशी येऊन थांबतील.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका, आधीची क्षेत्र-सर्वेक्षक
नागपूर